फवारणीच्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं, तर शेतातच उतरणं कितपत धोक्याचं?
बरंच धोक्याचं, कारण हाताशी उंचीच नसते. फवारताना विमान पिकाच्या जेमतेम तीन-चार मीटर वर असतं. जागा निवडायला काही सेकंदच मिळतात. आधी टाकीतलं औषध एकदम सोडून द्यायचं, म्हणजे हलकं विमान कमी वेगातही तरंगतं. (अमेरिकेत दाट वस्तीवर फवारणाऱ्या विमानाला निम्मा भार ४५ सेकंदांत टाकता आलाच पाहिजे, असा नियम आहे.) मग जमल्यास सरींच्या दिशेने उतरायचं. खरी भीती उंच पिकाची आणि ओल्या मातीची: चाकं रुततात, विमान नाकावरून उलटतं, वैमानिक पट्ट्यांत उलटा लटकतो आणि वरून इंधन ठिबकत असतं. कॉकपिटभोवतीचा सांगाडा आणि हेल्मेट यांनी जीव वाचू शकतो. मात्र वाटेत विजेची तार आली, तर यातलं काहीच गृहीत धरू नका.