गंजिफा रंगवणाऱ्या नवोदितास
सावंतवाडीच्या गंजिफेचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, दशावतारी संच 120 पानांचा असतो आणि त्यातली प्रत्येक बारीक रेघ मनगटावर पेलायची असते, म्हणून मोठे काम करण्याची कितीही हौस असली तरी ते पुरे करण्याची तारीख तुम्ही ठरवावी, गिऱ्हाइकाने नव्हे. अधूनमधून नजर उचलून दूरच्या माडाच्या शेंड्याकडे पाहावे. अंगठ्याच्या मुळाशी कळ येऊ लागली की कुंचला खाली ठेवावा, ‘एवढे पान संपवतो’ म्हणू नये. पावसाळ्यात रोगण लवकर वाळत नाही, त्यामुळे दारे लावून थिनरच्या वासात बसण्याचा मोह होतो (पडवी असताना खोली कशाला?), तो टाळावा. विश्रांतीचे दिवस किमतीत धरावेत. घासाघीस करणाऱ्याला सुटी पाने दाखवावीत.