साधने विकत घेण्याआधी केंद्रात जावे का?

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची असून एकटी राहते आणि तिला तसेच राहायचे आहे. संधिवातामुळे तिच्या डाव्या पायात जोर राहिलेला नाही; कमोडवरून उठताना ती टॉवेलच्या दांडीला धरते. मी वॉकर, कमोडवरची उंच बैठक आणि आंघोळीची खुर्ची एकदमच मागवणार होतो. परंतु घरी स्वावलंबी राहू इच्छिणाऱ्यांना साधने आणि सल्ला देणाऱ्या केंद्रात आधी जा, असे एका परिचितांनी सुचवले. त्याने काय फरक पडेल? आई तर "मी काही इतकी परावलंबी झालेले नाही" म्हणून यायलाच तयार नाही.

उत्तर : आधी त्या दांडीविषयी, कारण तिथे दिरंगाई करून चालणार नाही. टॉवेलची दांडी माणसाचा भार पेलण्यासाठी बनवलेली नसते आणि ती कधीही हातात येऊ शकते. भिंतीवरच्या फरशीला नुसते दाबून चिकटवायचे हँडलही या कामाचे नाही. तिथे भक्कम भिंतीत स्क्रूने पक्का बसवलेला आधारदांडाच हवा, आणि त्याची जागा आई उठताना हात कुठे नेते ते पाहून ठरवावी.

बाकीची खरेदी मात्र थांबवा. अशा केंद्रांत सहसा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे स्वतःची स्वतः करता यावीत यासाठी मदत करणारे तज्ज्ञ) किंवा प्रशिक्षित सल्लागार असतात आणि ते साधन दाखवण्याआधी माणूस खुर्चीतून कसा उठतो, कसा वळतो, पायरी कशी चढतो हे पाहतात. कित्येकदा वॉकर हवा अशा समजुतीने आलेल्या व्यक्तीला योग्य मापाची काठी पुरते. काठीचे माप असे घ्यावे : नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत आणि काठीची मूठ मनगटावरच्या घडीच्या पातळीत यावी, म्हणजे काठी धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, म्हणजे आपल्या आईने उजव्या हातात धरायची. घरोघरी ती दुखऱ्या बाजूलाच दिली जाते आणि त्यामुळे पायावरचा भार हवा तसा हलका होत नाही.

जाताना घराची मापे न्या : दारांची मोकळी रुंदी, कमोडची आणि पलंगाची जमिनीपासूनची उंची. शक्य असल्यास न्हाणीघराची छायाचित्रेही न्या. दारातून आत न जाणारा वॉकर कोपऱ्यात पडून राहतो. उंच बैठक गरजेपेक्षा जास्त उंच झाली, तर पाय जमिनीवर सपाट टेकत नाहीत आणि उठायला जोर लावता येत नाही. काही केंद्रे साधने ठरावीक मुदतीसाठी वापरायलाही देतात; प्रकृतीत चढउतार होत असताना ही सोय विकत घेण्याहून कितीतरी बरी.

आईच्या नकाराबद्दल मला मनापासून सांगावेसे वाटते की तो हट्ट समजू नका. निर्णय आपण घेतला आणि तो तिला कळवला, असे तिला वाटत असावे. "वॉकर बघायला जाऊ" असे म्हणण्याऐवजी दिवसभरात कोणते काम तिला सर्वांत जड जाते ते विचारा. बरणीचे झाकण उघडत नसेल किंवा खाली पडलेली वस्तू उचलता येत नसेल, तर त्यासाठीची छोटी साधनेही अशा केंद्रांत हाताळून पाहता येतात आणि सुरुवात तिथून केलेली चांगली. केंद्रात प्रश्न तिला विचारले जाऊ द्या आणि उत्तरेही तिलाच देऊ द्या; आपण मध्ये बोलू नका.

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर त्यांचा वॉकर तसाच पडून आहे. तो शेजारच्या आजोबांना द्यावा का?

उत्तर : थेट देऊ नका, कारण त्याची उंची आपल्या वडिलांच्या मापाने लावलेली आहे. वापरलेली साधने स्वीकारणारे केंद्र जवळपास असेल, तर तिथे स्वच्छ करून, तपासून आणि नव्याने माप लावून ते साधन आजोबांना मिळू शकेल. पायांखालची रबरी बुचे झिजून गुळगुळीत झाली असतील, तर ती आधी बदलून घ्यावीत.