‘ओझोनाइज करणे’ म्हणजे नेमकं काय? ऑक्सिजनही ओझोनाइज होतो आणि पाणीही, हे कसं?

तुमच्या ओझोन-यंत्राच्या माहितीपत्रकातली दोन्ही वाक्यं बरोबर आहेत आणि तुमचा गोंधळही रास्त आहे. एका पानावर ‘ऑक्सिजन ओझोनाइज होतो’, पुढच्या पानावर ‘पाणी ओझोनाइज होतं’. मग पाण्याचाही ओझोन होतो की काय, असं तुम्ही विचारलंय. होत नाही. क्रियापद एकच आहे, पण ते दोन कामं करतं. मी यंत्रांच्या पुस्तिकांचं भाषांतर करते आणि या शब्दाने मलाही एकदा तोंडघशी पाडलंय.

ऑक्सिजन ओझोनाइज करणे म्हणजे ऑक्सिजनचा ओझोन करणे. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये काचेसारख्या विद्युतरोधकाचा थर असतो, उरलेल्या फटीतून कोरडा ऑक्सिजन किंवा हवा सोडतात आणि उच्च दाबाची वीज देतात. त्यात ऑक्सिजनचे काही रेणू फुटतात आणि सुटा झालेला अणू दुसऱ्या रेणूला जाऊन चिकटतो. दोनाचे तीन अणू झाले की तो ओझोन. जर्मन अभियंते वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्ये असं उपकरण बनवलं आणि आजची बहुतेक यंत्रं त्याच तत्त्वावर चालतात. सगळा ऑक्सिजन मात्र कधीच बदलत नाही. रसायनशास्त्राच्या पुस्तकात ‘ओझोनाइज्ड ऑक्सिजन’ म्हणतात ते मिश्रण असतं, त्यात ओझोन फार तर दहा टक्क्यांच्या आसपास.

पाणी ओझोनाइज करणे म्हणजे हाच वायू बारीक बुडबुड्यांनी पाण्यातून सोडणे. पाणी पाणीच राहतं. ओझोन जंतू मारतो, विरघळलेलं लोह आणि मँगनीज गाळता येईल अशा रूपात आणतो, रंग आणि वास कमी करतो. (ग्रीक भाषेत ‘ओझेइन’ म्हणजे वास येणे. रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी १८४० च्या सुमारास या वायूला त्याच्या उग्र वासावरून नाव दिलं. ज्याचं नावच ‘वास येणारा’, तो दुसऱ्याचा वास घालवायला वापरतात, याची मला अजून गंमत वाटते.)

खरी मेख मराठीच्या ‘-करण’मध्ये आहे. पाण्याचं बाष्पीभवन झालं की पाण्याचीच वाफ होते. पण रेल्वेमार्गाचं विद्युतीकरण झालं म्हणून रुळांची वीज होत नाही, रुळांना वीज पुरवली जाते. ‘ऑक्सिजनचं ओझोनीकरण’ पहिल्या जातीचं, ‘पाण्याचं ओझोनीकरण’ दुसऱ्या जातीचं. दोन्हीकडे षष्ठीच असल्यामुळे व्याकरण फरक दाखवत नाही. म्हणून मी पहिल्या ठिकाणी ‘ऑक्सिजनपासून ओझोन तयार करणे’ असं सरळ लिहिते आणि ‘ओझोनीकरण’ पाण्यासाठी राखून ठेवते.

आता माझी फजिती. बाटलीबंद पाण्यावरच्या एका मजकुरात मी ‘ओझोनाइज्ड’ला ‘ओझोनयुक्त’ लिहिलं. कानाला गोड, शिवाय ‘क्लोरीनयुक्त’शी जोडी जमते. तपासणाऱ्या अभियंत्याने तांबड्या शाईने खोडलं आणि समासात विचारलं, ‘ओझोन दाखवा कुठाय?’ त्याचं बरोबर होतं. ओझोन टिकत नाही. २० अंश तापमानाच्या पाण्यात साधारण वीसेक मिनिटांत तो निम्म्यावर येतो. पाणी किती आम्लधर्मी आहे आणि त्यात काय मिसळलंय यावर हा वेळ कमी-जास्त होतो. बाटली हातात येईपर्यंत त्याचा पुन्हा ऑक्सिजन झालेला असतो. क्लोरीन मागे उरतो आणि नळाच्या टोकापर्यंत पहारा देतो. ओझोन काम करून निघून जातो. म्हणूनच शहरांच्या पाणीपुरवठ्यात ओझोननंतरही थोडा क्लोरीन घालतात. ‘उकळलेलं पाणी’ थंडही असू शकतं ना? तसंच हे: पाण्यावर काय केलं ते क्रियापद सांगतं, आत काय आहे ते नाही. ‘ओझोनीकरण केलेले पाणी’ लांबलचक आहे, पण खरं आहे. ‘ओझोनित’ हे छोटं रूपही मला आवडतं, फक्त वाचणारा पहिल्यांदा अडखळतो.

‘ओझोनाइज’ की ‘ओझोनेट’? पाण्याच्या बाबतीत दोन्हींचा अर्थ एकच. पाण्याच्या धंद्यातली माणसं ‘ओझोनेशन’ जास्त म्हणतात आणि यंत्राला कुणी ओझोनेटर, कुणी ओझोनायझर, कुणी सरळ ओझोन जनरेटर. एका पुस्तिकेत एकच शब्द धरा म्हणजे झालं.

‘खोली ओझोनाइज करणे’ असंही वाचाल. तिथे भाषांतरात एक ओळ गाळू नका: त्या वेळी आत माणूस नको, आणि नंतर दारं-खिडक्या उघडून हवा खेळू द्यायची. पाण्यात गुणकारी असलेला हा वायू फुफ्फुसांना घातक आहे.

सेंद्रिय रसायनशास्त्रात आणखी एक अर्थ आहे. तिथे ओझोन कार्बनच्या दोन अणूंना जोडणारा दुहेरी बंध तोडतो आणि त्या क्रियेला ओझोनोलिसिस म्हणतात. तुमच्या माहितीपत्रकात हा शब्द येणार नाही, पण त्याचा परिणाम येईल. नैसर्गिक रबरात असे बंध भरपूर असतात, त्यामुळे ताणलेल्या रबराला ओझोन लागला की तडे जातात. शेवटच्या पानांवर ‘साधे रबरी वायसर वापरू नयेत’ अशी सूचना दिसली तर कारण हेच. तिथे मात्र ‘रबर ओझोनाइज होते’ असं लिहू नका, ‘ओझोनमुळे रबर तडकते’ एवढं पुरे.