स्पेन्सरच्या हवेलीत आज कुणी घाबरतं का?

वाचकांचे प्रश्न : गेमिंग

प्रश्न : ताई, मी एकोणीस वर्षांचा आहे. 'रेसिडेंट ईव्हिल' या झोम्बींच्या भीतीदायक गेमचे नवे भाग खेळून झालेत. दुसऱ्या भागाचा २०१९ चा रीमेक तर जाम आवडला. दादा म्हणतो, खरी भीती १९९६ च्या मूळ गेममध्येच आहे. म्हणून जीओजी या ऑनलाइन दुकानातून तो घेतला. त्यातल्या जिलला, म्हणजे आपण चालवतो त्या नायिकेला, वळवताना ट्रक रिव्हर्स घेतोय असं वाटतं, कॅमेरा जागचा हलत नाही, आणि संवाद ऐकून हसू येतं. अर्ध्या तासात बंद केला. दादाला नुसत्या जुन्या आठवणी प्रिय आहेत, की मलाच जमत नाहीये? – एक वाचक, सांगली

उत्तर : हसलास त्यात काही गैर नाही. ते संवाद ऐकून आम्हीही तेव्हा हसायचो. गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीने जपानमध्ये हा गेम 'बायोहॅझर्ड' नावाने विकला, तरी तिथेही पात्रं इंग्रजीतच बोलायची, आणि काय बोलायची! खाली येणाऱ्या छतापासून तिचा सहकारी बॅरी जिलला वाचवतो आणि लगेच तिचं सँडविच होणार होतं असा विनोद करतो. सुरुवातीची खरे नट घेऊन काढलेली फिल्म तर हौशी नाटकाच्या तालमीसारखी आहे. काच फोडून कुत्री आत उडी मारतात तो बोळही तू आधीच दहा व्हिडिओंत पाहिला असशील. तेव्हा आम्ही तिथे खुर्चीतून उडालो होतो. तुझ्यासाठी तो धक्का शिळा झालाय, त्याला इलाज नाही.

पण वळण्याची तक्रार मला मान्य नाही. हा गेम मुळात पहिल्या प्लेस्टेशन या गेमयंत्रासाठी केला होता, आणि त्याची मुख्य मेमरी होती २ एमबी. तेवढ्यात गेम जिथे घडतो ती आख्खी स्पेन्सर हवेली थ्रीडीमध्ये उभी करणं अवघड. म्हणून खोल्या म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली स्थिर चित्रं, आणि त्यावर फिरणारी माणसं आणि झोम्बी तेवढे थ्रीडी. चित्र स्थिर, म्हणून कॅमेराही स्थिर. तू चार पावलं टाकलीस की कोन बदलतो. आता समज, वरचं बटण म्हणजे पडद्यावर वर, असं असतं तर? दर कोनाला दिशा उलटीपालटी झाली असती आणि जिल झोम्बीच्या मिठीत परत गेली असती. त्यापेक्षा वरचं बटण म्हणजे जिलचं तोंड जिकडे आहे तिकडे. बटण दाबून धर, कोन कितीही बदलू दे, ती सरळ जाते. मोठ्या हॉलमध्ये थोडा वेळ नुसतं चालून बघ. बोटांना एकदा सवय झाली की ट्रक आठवणार नाही.

आणि एक लक्षात घे. या पहिल्या गेममध्ये झटकन मागे वळायची सोय नाही, आणि नेम धरला की पाय जागेवर खिळतात. म्हणजे पळायचं की मारायचं हे झोम्बी जवळ यायच्या आत ठरवावं लागतं. तू नव्या भागांत ते ऐनवेळी ठरवतोस.

आता दादाच्या बाजूने बोलते. या गेममधली भीती झोम्बीची नाहीच, हिशेबाची आहे. जिल किंवा ख्रिस, दोघांपैकी एकाला घेऊन खेळायचं. जिलकडे सामानाच्या जागा ८, ख्रिसकडे ६. पिस्तूल एक जागा खातं, गोळ्या दुसरी, औषधी पाला तिसरी. मग किल्ली, मग एखादी दगडी मुद्रा. बाकीचं पेटीत टाकायचं, आणि पेटी मोजक्याच खोल्यांत. सेव्ह करायला टाइपरायटर हवा आणि त्याला शाईची रिबन. रिबन एकदा वापरली की संपली, आणि तीही खिशातली जागा अडवते! बोळात एक झोम्बी उभा असतो. त्याच्यावर पाच-सहा गोळ्या खर्च करायच्या, की कडेने निसटायचं? निसटलास तर त्याच बोळातून पुन्हा यायचंय, कारण चिलखताच्या चिन्हाची किल्ली मिळाली की मागे सोडलेली दारं आठवतात. माझ्या हातांना घाम फुटायचा तो मोठ्या राक्षसांसमोर नाही, तर पाच गोळ्या, एक रिबन आणि न उघडलेलं दार अशा वेळी. तो घाम मला आजही फुटतो.

मी हा गेम डोंबिवलीतल्या एका पार्लरमध्ये खेळले, तासाच्या भाड्यावर, मोठ्या भावाच्या मागे लागून. तिथे कंट्रोलरला सगळे रिमोटच म्हणायचे. गिऱ्हाइकांसाठी खेळ साठवणारं मेमरी कार्ड नव्हतं, त्यामुळे रिबन असून नसून सारखीच. तास संपला की सगळं गेलं. हवेलीचा पहिला मजला म्हणूनच मला अजून पाठ आहे. तुझ्याकडे उलटा धोका आहे. एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खेळलास तर दर दोन पावलांवर सेव्ह करायचा मोह होईल. तो आवर, नाहीतर या गेममध्ये उरतात फक्त कुलपं आणि वाईट संवाद.

ही कंजुषी आली कुठून? १९८९ मध्ये कॅपकॉमच्याच तोकुरो फुजिवारांनी फॅमिकॉम या निन्तेंडोच्या जुन्या गेमयंत्रासाठी 'स्वीट होम' नावाचा गेम केला होता. भुताटकीची हवेली, मोजकं सामान, आणि दार उघडताना दिसणारं दार. तोच गेम नव्याने करावा म्हणून त्यांनी काम शिंजी मिकामींकडे सोपवलं आणि त्यातून हा निघाला. दर दाराला तू वैतागत असशील, ते हळू उघडणारं दार लोडिंग लपवण्यासाठीही आहे. मला ते आवडतं. पलीकडे काय आहे याचा विचार करायला तेवढा वेळ मिळतो.

तरी खरं सांगू? तू आधी याच गेमचा २००२ चा रीमेक खेळ, २०१५ ची एचडी आवृत्ती घेऊन. तोही मिकामींचाच. मला तो मूळ गेमपेक्षा सरस वाटतो, आणि कारण ग्राफिक्स नाही. त्यात मारलेला झोम्बी तसाच पडू दिलास, डोकं उडवलं नाहीस किंवा रॉकेल ओतून जाळला नाहीस, तर तो पुढे लालबुंद, वेगवान होऊन उठतो. रॉकेलही मोजकंच. म्हणजे मारणंसुद्धा फुकट नाही! कुत्र्यांच्या बोळात तर मिकामींनी जुन्या खेळाडूंची मजाच केलीय. पहिल्या फेरीत काचेला नुसता तडा जातो, कुत्रा येत नाही. आपण निर्धास्त होतो, आणि मग केव्हातरी तो येतो. एचडी आवृत्तीत नवे कंट्रोलही आहेत, पण त्यांनी झोम्बीला चुकवणं फार सोपं होतं. जुनेच ठेव.

मूळ गेममधली एक गोष्ट मात्र रीमेकमध्ये हरवली. रीमेक अंधारात बुडालाय. १९९६ ची हवेली चक्क उजेडात आहे, पिवळ्या दिव्यांची, रिकामी. मला तो उजेड जास्त भीतीदायक वाटतो. मूळ गेमकडे परत जाशील तेव्हा चित्र पडद्यावर ताणू नकोस, चौकोनीच राहू दे.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. हा गेम इतका जुना, चित्रं इतकी ठोकळ्यांची, मग खेळू द्यायला काय हरकत आहे? – एक आई, नाशिक

उत्तर : हरकत आहे. अमेरिकेत याला १७ वर्षांपुढच्यांसाठीचं रेटिंग आहे. ठोकळ्यांची चित्रं बघून मुलगा कदाचित हसेल, पण गेममध्ये एका रखवालदाराची डायरी सापडते. सुरुवातीला पत्त्यांचा डाव, कुत्र्यांची देखभाल. मग अंगाला खाज सुटते, मग भूक, आणि शेवटी वाक्यं तुटत तुटत दोन शब्दांवर येतात. त्यात चित्र एकही नाही. ती मला आजही रात्री वाचवत नाही. तुमच्या मुलाला इंग्रजी चांगलं येत असेल तर आणखीच नको. त्याला कोडी आवडत असतील तर कोड्यांचे दुसरे कितीतरी गेम आहेत.

प्रश्न : पहिल्यांदा ख्रिस घ्यावा की जिल? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : जिल. दोन जागा जास्त, कुलपं उघडायचं हत्यार जवळ, आणि बॅरी मदतीला. ख्रिस मार जास्त सोसतो, पण छोट्या कुलपांसाठी त्याला किल्ल्या शोधत फिरावं लागतं आणि त्याही जागा खातात. दुसऱ्या फेरीत त्याला घ्या. तेव्हा भिंतीवरची शॉटगन काढायच्या आधी मोडकी शॉटगन शोधा आणि तिच्या जागी ती अडकवा. नाहीतर छत खाली येतं, आणि ख्रिससाठी बॅरी येत नाही.