त्या रेकॉर्डिंगमधला ‘ये’

“कॉलेजच्या जुन्या इमारतीत रात्री भूत शोधायला गेला होता, तेव्हापासून दिवा लावल्याशिवाय झोपत नाही. त्याला काही लागलं तर नसेल ना?” असं माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेले आई-वडील विचारतात. मुलं स्वतःहून येतात तेव्हा प्रश्न वेगळा असतो. “मॅडम, मला वेड लागतंय का?” दोन्ही प्रश्नांमागची भीती खरी असते, म्हणून पहिल्या भेटीत मी कुणालाच “भूतबीत काही नसतं” असं सांगत नाही. ते त्यांना आधीच दहा जणांनी सांगून झालेलं असतं आणि त्याने झोप लागलेली नसते.

ज्या मुलाबद्दल लिहिते आहे तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आला तेव्हा तीन आठवडे नीट झोपलेला नव्हता. बसायच्या आधी त्याने खुर्ची सरकवून भिंतीला टेकवली, पाठीमागे मोकळी जागा राहू नये म्हणून. मग मोबाईल टेबलावर ठेवला आणि इयरफोन माझ्याकडे सरकवले. “आधी हे ऐका. मग बोलू.”

“ऐकेन, पण आज नाही,” मी म्हटलं. “आणि त्यात तुला काय ऐकू येतं ते मला आत्ता सांगू नकोस. आधी ती रात्र सांग.”

पाच मित्र होते. जुन्या इमारतीचा तिसरा मजला, बरीच वर्षं कुलूपबंद असलेला ड्रॉइंग हॉल. परवानगी घेतलेली नव्हती. एकाने ऑनलाइन मागवलेला ईएमएफ मीटर आणला होता, विद्युतचुंबकीय क्षेत्र वाढलं की ज्याचे पाच छोटे दिवे एकेक करून पेटतात तो. रात्री एक ते साडेतीन अंधारात बसून प्रश्न विचारायचे, “इथे कुणी आहे का? तुला काही सांगायचंय का?” आणि मग रेकॉर्डर चालू ठेवून वीस सेकंद गप्प राहायचं. परीक्षेत नापास झालेल्या एका विद्यार्थ्याने पूर्वी तिथे जीव दिला, अशी त्या मजल्याची गोष्ट. मीटरचे दिवे दोनदा पेटले, एक जण जिन्यावरून खाली पळाला. दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या खोलीत सगळ्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं. बाकीचे चौघं दोन दिवसांत ते विसरले. हा मात्र त्यातले तीन सेकंद दिवसाला 30-40 वेळा ऐकत होता.

आणि मग पहाटेचं सुरू झालं. जाग यायची, डोळे उघडे, पण हात-पाय हलेनात, ओरडावं तर आवाज फुटेना, आणि दाराशी कुणीतरी उभं आहे अशी पक्की खात्री. हे सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे झुकावं लागलं.

एवढ्या एका गोष्टीचा खुलासा मात्र मी त्याच दिवशी केला. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू शरीराचे बहुतेक स्नायू सैल करून ठेवतो, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी पलंगावरच राहतो. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. मधल्या काही सेकंदांत, कधी काही मिनिटांत, अर्धं स्वप्न उघड्या डोळ्यांसमोर चालू असतं. खोलीत कुणीतरी असल्याचं भासणं, छातीवर दाब येणं, हे त्यातले नेहमीचे अनुभव. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. जागरणं झाली, झोपेच्या वेळा विस्कटल्या, उताणं झोपलं की ते जास्त होतं.

त्याचे डोळे भरून आले. “म्हणजे याला नाव आहे?”

हो, याला नाव आहे. अनेकांना आयुष्यात एखाद्या वेळी हे होऊन गेलेलं असतं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलेलं नसतं.

दुसऱ्या भेटीत माझी चूक झाली. त्याला बरं वाटलेलं पाहून मी माहितीचा ओघ सुरू केला. विक टँडी नावाच्या ब्रिटिश अभियंत्याची हकिगत सांगितली. प्रयोगशाळेत एकटा काम करत असताना त्याला दडपण यायचं, घाम फुटायचा, नजरेच्या कडेला करडी आकृती दिसायची. मग एकदा पकडीत घट्ट बसवलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं. शोध घेत तो नव्याने बसवलेल्या पंख्यापर्यंत पोचला. पंख्यामुळे खोलीत सुमारे 19 हर्ट्झची ध्वनिलहर तयार होत होती, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या मर्यादेच्या किंचित खाली. यावरचा त्याचा लेख 1998 मध्ये छापून आला. मी हेही सांगितलं की मीटरचे दिवे भिंतीतल्या वायरिंगने आणि खिशातल्या मोबाईलनेही पेटतात.

परिणाम असा झाला की तो फोनमध्ये दोन ॲप टाकून पुन्हा त्या इमारतीत गेला, एकटा, लहरी मोजायला. फोनचा माइक बोलणं टिपण्यासाठी केलेला असतो, इतक्या खालच्या लहरींसाठी त्याच्यावर विसंबता येत नाही. आकडे काहीतरी वेडेवाकडे आले आणि त्या रात्री तो अजिबात झोपला नाही. खुलासे खोटे नव्हते. पण जो माणूस दिवसभर पुरावे तपासत बसला आहे त्याच्या हातात मी तपासायला आणखी एक गोष्ट दिली होती. हे मी त्याला सांगितलं आणि त्याची माफी मागितली.

तिसऱ्या भेटीत रेकॉर्डिंग घेतलं. आधी ठरवून घेतलं की त्या रात्री तिथे नसलेल्या आणि काहीच माहीत नसलेल्या सहा वर्गमित्रांना ते तीन सेकंद ऐकवायचे. काय ऐकू येणार ते सांगायचं नाही, प्रत्येकाने एकमेकांना न विचारता चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठ्या तो न उघडता घेऊन आला. मीही त्याच्यासमोर इयरफोन लावले. मला काहीतरी घासल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ श्वास सोडल्यासारखं काही. तसं लिहिलं. मग चिठ्ठ्या उघडल्या. दोन कोऱ्या. एकीवर “हे”, एकीवर “नाही”. एकाने लिहिलं होतं, “खुर्ची ओढली”. एकाने, “दार?”

“तुला काय ऐकू येतं?”

“ये,” तो म्हणाला. “‘ये’ म्हणतोय तो.”

मी पुन्हा ऐकलं, आणि या वेळी मलाही ‘ये’ स्पष्ट ऐकू आलं. अंगावर काटा आला. मी ते लपवलं नाही. “आता मलाही तेच ऐकू येतंय,” मी म्हटलं, “पण पाच मिनिटांपूर्वी नव्हतं येत. मधल्या वेळात रेकॉर्डिंग बदललेलं नाही. तू मला शब्द दिलास.” स्वीडनमध्ये फ्रीडरिश युर्गेन्सन यांना 1959 मध्ये पक्ष्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये माणसांचे आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं. तेव्हापासून लोक टेपमधल्या खरखरीत मृतांचे शब्द शोधत आले आहेत. आपला कान अर्धवट आवाजाला अर्थ लावल्याशिवाय राहत नाही. गर्दीत कुणी हाक मारलेली नसतानाही आपलं नाव ऐकू आल्यासारखं वाटतं ते याच सवयीमुळे.

तो बराच वेळ त्या चिठ्ठ्यांकडे पाहत होता. आता मला जे विचारायचं होतं ते विचारता आलं. “यातल्या कुणालाच ‘ये’ ऐकू आलं नाही. तुलाच का आलं असेल?”

आधी खांदे उडवले. मग म्हणाला, “त्या मुलालाही जमलं नव्हतं.”

‘मुलालाही’ यातल्या शेवटच्या ‘ही’पाशी आम्ही थांबलो. दोन विषय राहिले होते, घरी माहीत नव्हतं. निकालाचा स्क्रीनशॉट एका जुन्या सेमिस्टरचा पाठवला होता. चार महिने तो रोज फोनवर “सगळं छान” म्हणत होता.

मी सरळ विचारलं, “जीव द्यावा असा विचार मनात येतो का?” असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती पालकांना वाटते, शिक्षकांनाही वाटते. तसं होत नाही. बहुतेक वेळा समोरच्याला हायसं वाटतं, कारण तो शब्द उच्चारण्याचं ओझं दुसऱ्या कुणीतरी उचललेलं असतं. तो म्हणाला, “करणार नव्हतो. पण वाटायचं, तो बोलावतोय, म्हणजे माझं तसंच ठरलेलं असेल.”

त्या दिवशीची भेट दोन तास चालली. त्याच दिवशीची मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. रात्री एकटं राहायचं नाही हे ठरलं, रूममेटला विश्वासात घेतलं, विचार जोर धरेल तेव्हा कुणाला फोन करायचा ती तीन नावं कागदावर लिहिली. घरी कळवण्याबद्दल आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी तो म्हणाला, “मीच करतो, पण इथून.” स्पीकर चालू ठेवून त्याने वडिलांना लावला. “बाबा, माझे दोन विषय राहिलेत. तुम्हाला खोटा निकाल पाठवला होता.” पलीकडे शांतता, इतकी लांब की फोन कटला असं वाटून त्याने स्क्रीन पाहिली. मग वडील म्हणाले, “जेवलास का?” आणि थोड्या वेळाने, “घरी ये.”

तो ढसाढसा रडला. मी काही बोलले नाही.

पुढचं काम साधं आणि कंटाळवाणं होतं. रेकॉर्डिंग ऐकणं दिवसाला 10 वेळा, मग 3, मग नाही. उठायची वेळ रोज एकच. दिवा आधी मंद, मग बंद. खुर्ची भिंतीपासून वीतभर पुढे. तज्ज्ञांना भ्रमाच्या आजाराची लक्षणं दिसली नाहीत, त्यांनी नैराश्यावर उपचार सुरू केले. पहाटेचा प्रकार त्यानंतर दोनदाच झाला आणि त्या वेळी त्याने काय होतंय ते ओळखलं.

जाता जाता त्या मजल्याच्या गोष्टीबद्दल. त्याने जुन्या कर्मचाऱ्यांकडे चौकशी केली, तर हॉस्टेलवाल्यांच्या गोष्टीत जीव देणारी मुलगी निघाली, प्रयोगशाळेतल्यांच्या गोष्टीत साहाय्यक निघाला आणि ग्रंथालयातल्यांच्या गोष्टीत मजलाच वेगळा. खरोखर कुणी गेलं असेल तर त्याच्या दुःखाचा असा मध्यरात्रीचा खेळ व्हावा याचा मला राग येतो. कुणी गेलंच नसेल, तर नापास होण्याचा शेवट मरणात होतो हे वर्षानुवर्षं नव्या मुलांना सांगणारी ती गोष्ट मला मीटरच्या दिव्यांपेक्षा जास्त भीतिदायक वाटते.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर दिवा लावून झोपू द्या, आठवड्याभराने बघा. रागावू नका, चेष्टा करू नका, आणि “काय ऐकू येतं, काय दिसतं” हे पूर्ण ऐकून घ्या, कारण शब्द त्याचेच असतात. टक्क जागं असताना दिवसाही आवाज येत असतील, कुणीतरी पाळतीवर आहे ही खात्री हलत नसेल, खाणं-बोलणं तुटलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला वेळ लावू नका. मरणाचा विषय निघाला तर त्याच दिवशी जा. आणि एकाच घरातल्या अनेकांना डोकेदुखी, दडपण, भास असं सगळं मिळून होत असेल, तर आधी गॅस किंवा कोळशावर चालणारी उपकरणं तपासून घ्या. अमेरिकन नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी 1921 मध्ये अशाच एका ‘झपाटलेल्या’ घराची हकिगत छापली होती. तिथे भट्टी बिघडली होती आणि घरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठत होता.

तो मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे. राहिलेल्यांपैकी एक विषय सुटला, दुसऱ्याचा पेपर पुढच्या महिन्यात आहे. या वेळी तारीख घरी माहीत आहे.