देवाला सगळं ठाऊक असतं, मग पाप माणसांजवळ कशाला कबूल करायचं?

तुम्ही विचारलंय की तुमची ख्रिस्ती मैत्रीण दर आठवड्याला दोघी-तिघींत बसून आपल्या चुका कबूल करते आणि त्याने 'बरं झाल्यासारखं' वाटतं म्हणते, ते नेमकं काय असतं? देव सर्वज्ञ असेल तर माणसांना सांगायचं कारण काय? आणि सांगितलेलं गावभर झालं तर?

शेवटच्या प्रश्नाच्या भीतीने मी स्वतः अकरा वर्षं गप्प होतो.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, नगर जिल्ह्यातली, प्रोटेस्टंट. नाताळच्या आधी तरुण संघाची पोरं रात्री घरोघर गाणी म्हणत फिरतात आणि लोक पाकिटात पैसे घालून देतात. मी एकोणीस वर्षांचा होतो, हिशेब माझ्याकडे होता. त्यातले 3,400 रुपये मी मोबाइलसाठी उचलले. पाकिटं एक रात्र आमच्या ढोलकीवाल्या मित्राच्या घरी राहिली होती, त्यामुळे हिशेब जुळेना तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. तोंडावर कुणीच काही बोललं नाही. पुढच्या रविवारी ढोलकी फक्त दुसऱ्याच्या हातात गेली. तो दोन-तीन रविवार मागच्या बाकावर बसला आणि मग यायचाच बंद झाला.

आता तुमचा पहिला प्रश्न. देवाजवळ मी हे शेकडो वेळा कबूल केलं. आमच्याकडे प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीआधी, सगळी मंडळी मिळून पापांगीकार म्हणते. विचाराने, शब्दाने, कृतीने आम्ही पाप केलं आहे, असं दीडशे माणसं एका सुरात म्हणत असताना त्यात आपला आवाज बेमालूम लपतो. घरी एकट्याने प्रार्थना करायचो तेव्हा आरोपी मीच आणि न्यायाधीशही मीच. निकाल काही लागायचा नाही. ढोलकीवर थाप पडली की पोटात गोळा यायचा, तो मात्र ठरलेला. बायबलच्या स्तोत्र 32 मध्ये म्हटलंय की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली. लहानपणी पाठ केलेलं ते वचन मला फार उशिरा कळलं.

जर्मनीतले पाळक, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मगुरू, डिट्रिख बॉनहॉफर 1935 ते 1937 या काळात फिंकेनवाल्डे इथे पाळक होऊ घातलेल्या तरुणांना शिकवत होते. प्रभुभोजनाआधी भावाजवळ खाजगीत कबुली द्या, असा त्यांचा आग्रह असे. त्यांचा युक्तिवाद तुमच्या प्रश्नाला अगदी चपखल बसतो. आपल्यासारख्याच पापी भावापुढे बोलायला जीभ रेटत नाही, मग परमपवित्र देवापुढे ती इतकी सहज कशी वळते? आपण देवाच्या नावाखाली स्वतःलाच सांगून स्वतःच स्वतःला माफ तर करत नाही ना? हे वाचलं तेव्हा मला भर सभेत कुणी नाव घेऊन उठवल्यासारखं झालं.

या सगळ्याचं मूळ बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात आहे. निरोगी होण्यासाठी एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं तिथे सांगितलंय. त्याच्या आधीचं वाक्य आजाऱ्याबद्दल आहे, मंडळीतल्या वडीलजनांना बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा. म्हणजे बरं होण्याची भाषा तिथूनच आली. याच वचनावरून मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे इंग्लंडचे जॉन वेस्ली यांनी 1738 मध्ये छोट्या गटांचे नियम घातले. आठवड्यातून एकदा भेटायचं, आणि पहिला प्रश्न थेट हाच, मागच्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणतं पाप केलंत?

आपल्याकडे 1905 मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. जानेवारीत 70 जणी रोज प्रार्थनेला बसत, जूनपर्यंत त्या साडेपाचशेच्या घरात गेल्या, आणि त्या महिनाअखेरीस मुली रडत रडत, मोठमोठ्याने पापं कबूल करू लागल्या. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना त्याचं फार अप्रूप. मला स्वतःला एवढ्या गर्दीसमोरची कबुली झेपत नाही. गर्दीला कानही असतात आणि तोंडही.

मी पुण्यात चार जणांसमोर बोललो. शनिवारी संध्याकाळी आम्ही एका निवृत्त एसटी मेकॅनिक काकांच्या घरी बसायचो. मी पंख्याकडे बघत सगळं सांगून टाकलं आणि आता यांचा आवाज बदलतो का, याची वाट बघत बसलो. कुणी 'जाऊ दे रे, पोरसवदा होतास' म्हणालं नाही, आणि तसं म्हटलं असतं तर मी तिथेच अडकून पडलो असतो. काकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, क्षमेचं वचन वाचलं. मग काकूंनी पोहे आणले, आणि काकांनी पहिली बशी माझ्या हातात दिली. खरं सांगू? क्षमा मला त्या बशीत कळली. माझं सगळं ठाऊक असलेला माणूस मला लिंबाची फोड हवी का विचारत होता.

चमचा तोंडात असतानाच त्यांनी विचारलं, "तो पोरगा असतो कुठे आता?" आणि हसून म्हणाले, "जक्कयाने चौपट दिलं होतं बरं का." जक्कय म्हणजे बायबलमधला जकातदार, फसवून घेतलेलं चौपट परत करीन म्हणणारा.

मी 13,600 रुपये घेऊन त्याच्या गॅरेजवर गेलो. त्याने ग्रीसच्या बोटांनी 3,400 मोजून घेतले आणि बाकीचे परत केले. म्हणाला, "मला माहीत होतं तूच." मग बोलला का नाहीस, असं मी विचारलं. "तुझे वडील कमिटीत होते. माझं कोण ऐकणार होतं?" थोड्या वेळाने म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? आईला जाऊन सांग."

आता तुमच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही. कॅथलिक लोकांत फादरजवळ दिलेली कबुली कधीच बाहेर पडत नाही, गुपित फोडणारा फादर बहिष्कृत होतो. 1215 पासून वर्षातून निदान एकदा कबुली देण्याचा त्यांच्यात दंडकच आहे. आम्हा प्रोटेस्टंटांकडे गुपिताचं असं बंधन सहसा नाही, म्हणून माणूस पारखून घ्यावा लागतो. जो दुसऱ्यांच्या भानगडी 'प्रार्थनेचा विषय' म्हणून तुम्हाला सांगतो, त्याच्याजवळ चुकूनही तोंड उघडू नका. कबुली वापरून कुणी तुम्हाला दाबत असेल तर उठून चालू लागा. आणि एक स्पष्टच सांगतो, तुमच्यावर कुणी अत्याचार केला असेल तर ते तुमचं पाप नाही. ती गोष्ट पोलिसांची आहे, गटात मिटवण्याची नाही.

त्याच्या आईकडे मी पुढच्या रविवारी गेलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "पाकिटं मी कपाटात ठेवली होती रे. कुलूप लावायला विसरले, म्हणून माझ्या पोरावर आळ आला, असं मी इतकी वर्षं धरून होते." माझ्या पापाचं ओझं त्याही वाहत होत्या हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. त्यांच्या सांगण्यावरून मी कमिटीपुढे उभा राहिलो, वडील खाली मान घालून बसले होते.

मित्र अजून चर्चमध्ये येत नाही. गेल्या नाताळात आईला सोडायला आला होता, तेव्हा फाटकाशी गाडी बंद करून गाणं संपेपर्यंत थांबला, एवढं मी पाहिलं.