क्रिएटिनीनचा आकडा आणि हातचा वेळ

मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन आजाराविषयी येणाऱ्या पत्रांत तपासण्यांचे आकडे बदलतात, गैरसमज तेच राहतात. हा आजार बहुधा दुखत नाही आणि दुखत नाही म्हणून लोक थांबतात. यावेळी निवडलेल्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी हे थांबणेच आहे.

प्रश्न : आईचे वय 60 आहे. क्रिएटिनीन 1.2 आले असून अहवालावर 1.3 पर्यंत सामान्य असे छापले आहे. तरीही डॉक्टर मूत्रपिंडांचे काम कमी झाल्याचे सांगतात. कोणाचे खरे मानावे?

डॉक्टरांचे. क्रिएटिनीन हे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य स्नायूंत तयार होते, त्यामुळे वय आणि स्त्री-पुरुष भेद लक्षात घेतल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही. तेच 1.2 पंचवीस वर्षांच्या तरुणाचे असेल तर रक्त गाळण्याची गती, म्हणजे ईजीएफआर, साधारण 86 येते; आपल्या आईंची ती 52 च्या आसपास येते. ही गती तीन महिन्यांहून अधिक काळ 60 च्या खाली राहिली, किंवा लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन तितकाच काळ जात राहिले, तर दीर्घकालीन आजाराचे निदान होते. म्हणून एकाच अहवालावर घाबरू नये आणि निश्चिंतही होऊ नये. लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनीन यांचे गुणोत्तरही तपासून घ्यावे. ते 30 च्या वर असेल तर रक्ताचा अहवाल चांगला असूनही मूत्रपिंडांना इजा होत असू शकते. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा करायलाच हव्यात.

प्रश्न : लघवी भरपूर होते, मग मूत्रपिंडे खराब कशी असतील?

लघवीचे प्रमाण आणि रक्ताची सफाई या वेगळ्या गोष्टी आहेत. डायलिसिसवरील काही रुग्णांनाही चांगली लघवी होते.

प्रश्न : मूत्रपिंडे स्वच्छ राहावीत म्हणून रोज पाच लिटर पाणी प्यावे का?

नाही. मुतखडा होत असेल तर पाणी वाढवावे लागते, पायांवर सूज किंवा हृदयविकार असेल तर कमी करावे लागते; आपले प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

प्रश्न : गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून गोळी आणून घेतो. रक्तदाबाचे औषधही चालू आहे. चालेल का?

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. त्यांच्या जोडीला रक्तदाबाची काही औषधे आणि लघवी वाढवणारी गोळी असेल, आणि त्यातच जुलाब-उलट्यांनी अंगातील पाणी कमी झाले, तर मूत्रपिंडे काही दिवसांत काम थांबवू शकतात. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत तुलनेने सुरक्षित आहे, पण आपल्यासाठी योग्य मात्रा कोणती हे दुकानदाराला नव्हे, डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : वडील 58 वर्षांचे असून त्यांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. क्रिएटिनीन 3.1 होते. एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून काढा आणि पथ्य सुरू केले, रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांत क्रिएटिनीन 2.6 झाले, वजन सहा किलो उतरले. काढा चालू ठेवावा ना?

काढा आज थांबवावा आणि या आठवड्यात मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना भेटावे. त्याचे कारण सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न मला सर्वाधिक अस्वस्थ करतो.

आकडा उतरला म्हणजे मूत्रपिंड सुधारले, हा समज इथे घातक ठरतो. अशा पथ्यात डाळ, दूध, अंडी, मांस सारेच बंद केले जाते. आहार तुटला की स्नायू झिजतात, आणि क्रिएटिनीन स्नायूंतूनच येत असल्याने गाळण्याची गती मुळीच न वाढताही आकडा खाली येतो. सहा किलो वजन उतरले, यातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. काढा विकणाऱ्यांना हा हिशेब सोयीचा असतो, म्हणून ते आधीचे आणि नंतरचे क्रिएटिनीन दाखवतात, वजन दाखवत नाहीत. घटक न छापलेल्या बाटलीत काय आहे हे आपल्याला कळत नाही. वनस्पतींच्या अर्कांतून पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि पारा असलेल्या औषधांमुळे लघवीतून प्रथिने जाण्याचा एक विशिष्ट विकार होतो, हे भारतातील रुग्णांतच दिसून आले आहे.

रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्याने होणारी हानी याहून मोठी असू शकते. टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारखी औषधे रक्तदाबाबरोबरच लघवीतून जाणारे प्रथिनही कमी करतात. सुरुवातीला त्यांच्यामुळे क्रिएटिनीन 30 टक्क्यांपर्यंत वाढू शकते. पोटॅशियमवर लक्ष ठेवून डॉक्टर ती वाढ स्वीकारतात, आणि नेमके याच टप्प्यावर ‘गोळ्यांनी किडनी बिघडली’ असे सांगणारा कोणी तरी भेटतो. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे आजाराची गती मंदावतात, हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले असून भारतात ती आता स्वस्तही झाली आहेत. आपल्या वडिलांना यांपैकी काय द्यायचे, हे तपासणीनंतरच ठरेल; स्वतःहून काहीही सुरू करू नये.

3.1 क्रिएटिनीनला त्यांची गाळण्याची गती 22 च्या आसपास होती, म्हणजे आजार पाच टप्प्यांपैकी चौथ्या टप्प्यात होता. या काळात हिमोग्लोबिन, पोटॅशियम, फॉस्फरस पाहायचे असते, कावीळ-बी ची लस पुरी करायची असते, प्रत्यारोपणासाठी घरातून कोणी दाता होऊ शकतो का याचे बोलणे सुरू करायचे असते. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी डाव्या हाताच्या शिरा जपायच्या असतात, कारण डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांची शस्त्रक्रियेने केलेली जोडणी, सहसा त्याच हातात करतात आणि तो वापरण्याजोगा व्हायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. ही तयारी न झालेले रुग्ण मी मध्यरात्री धाप लागलेल्या अवस्थेत पाहिले आहेत. मग मानेतून नळी घालून तातडीने डायलिसिस करावे लागते, त्या नळीतून जंतुसंसर्गाचा धोका राहतो, आणि काढ्यावर गेलेले महिने कोणत्याही उपायाने परत मिळत नाहीत.

प्रश्न : साध्या मिठाऐवजी कमी सोडियमचे मीठ वापरू का? शहाळ्याचे पाणी चांगले का?

कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते आणि शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर असते, त्यामुळे दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. साधे मीठच दिवसाला एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. त्यात लोणचे, पापड आणि फरसाणातील मीठही मोजावे. कमरख, म्हणजे बाजारात स्टारफ्रूट म्हणून मिळणारे फळ, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी अजिबात खाऊ नये. त्यातील विषारी द्रव्यामुळे उचकी, भ्रम आणि फिट्स येऊ शकतात.

प्रश्न : डायलिसिस एकदा सुरू झाले की सुटत नाही, म्हणून आम्ही टाळत आहोत. खर्चाचीही चिंता आहे.

अचानक झालेल्या इजेत ते अनेकदा थांबवता येते. दीर्घकालीन आजाराच्या शेवटच्या टप्प्यात प्रत्यारोपण होईपर्यंत चालू ठेवावे लागते. ते आजारामुळे लागते, त्यामुळे टाळल्याने त्याची गरज संपत नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि जिल्हा रुग्णालयातील डायलिसिस केंद्र या दोन्ही ठिकाणी चौकशी करावी.

प्रश्न : तज्ज्ञांकडे नेमके कधी जावे?

ईजीएफआर 30 च्या खाली गेला, लघवीतील अल्ब्युमिनचे गुणोत्तर 300 च्या वर गेले, लघवीत रक्त आढळले, गती वर्षभरात पाचाहून अधिक अंकांनी घसरली किंवा घरात कोणाला मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असेल, तर थांबू नये. जाताना केवळ शेवटचा अहवाल न नेता जुने सगळे अहवाल तारखांच्या क्रमाने न्यावेत, आणि चालू औषधांची पाकिटे, काढ्याची बाटली असेल तर तीही, सोबत ठेवावी.